उपकारस्तुतीचा मंडप

शुक्रवारी दुपारी वर्षाली सिंदीच्या स्टेशनातून बाहेर पडली आणि चौकातच तिला बाबा भेटले. दहा फूट उंच, काळा गॉगल लावलेले, मागे निळे आभाळ आणि पांढरी कबुतरे. फोटो तिच्या धाकट्या भावाच्या, धनंजयच्या, साल्याच्या लग्नातला होता. त्या लग्नात उन्हाने बाबांचे डोळे चुरचुरले म्हणून कुणीतरी स्वतःचा गॉगल त्यांना चढवला होता, आणि नेमका तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला होता. फ्लेक्सवर लिहिले होते, ‘महान आश्चर्यकर्म! देवाने प्रेमदासजींना नवे हृदय दिले. वर्षपूर्तीनिमित्त रविवारी सकाळी उपकारस्तुती. सर्वांनी यावे.’ खाली ओळीने गोल चौकटींत पास्टर कुंदन, ब्रदर धनंजय, त्याची बायको सिस्टर स्वीटी आणि त्यांच्या फेलोशिप या नव्या चर्चमधले काही उत्साही बंधू हात जोडून उभे होते. ज्याने हे सगळे केले त्याचा फोटो उपलब्ध नसल्यामुळे त्याला अक्षरांवरच भागवून घ्यावे लागले होते.

घरी पोचली तर खरे बाबा अंगणात खाटेवर बसून लसूण सोलत होते. मंडपवाला घनश्याम आणि त्याची माणसे बांबू उभे करत होती. मागच्या बाजूला रविवारच्या जेवणासाठी आणलेले दोन बोकड बांधले होते.

"पाह्यलं का मले चौकात?" बाबांनी विचारले.

"पाह्यलं."

"माह्यापेक्षा थोच जास्त बरा दिसून राह्यला."

वर्षाली हसली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेली. जाताना पर्समधली पुडी तिने कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीत टाकली. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असतानाची बाबांची ही हत्यारांची पेटी. तिच्यात पान्यांच्या खाली ग्रीसचा एक रिकामा डबा होता. देवाने नवे हृदय दिलेल्या माणसाच्या गोळ्या त्या डब्यात राहत.

झाले होते ते असे. सव्वा वर्षापूर्वी बाबांच्या हृदयाचे पंपिंग फार खाली आले. पंपिंग हा शब्द त्या घरात आता मीठमिरचीसारखा रोजचा झाला होता. वर्ध्याच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. त्याच आठवड्यात नागपूरहून पास्टर कुंदन आले आणि त्यांनी बाबांच्या छातीवर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली. पुढच्या तपासणीत पंपिंग चांगले वाढलेले निघाले. गोष्टी दोन झाल्या होत्या, पण धनंजयने त्यांतली एकच धरली. पास्टरांनी फोनवर सांगितले की आता गोळी घेणे म्हणजे देवाच्या कामावर संशय घेणे. धनंजयने गोळ्यांचा डबा उचलला, बायकोपोरांदेखत घंटागाडीत टाकला आणि गाडीवाल्यालाही दोन मिनिटे देवाच्या या कामाची साक्ष दिली. बाबांनी नुसती मान हलवली. रात्री त्यांनी वर्षालीला फोन केला. शुक्रवारी येशील तव्हा नव्या घेऊन येजो, म्हणाले.

तेव्हापासून दर महिन्याला एका शुक्रवारी वर्ध्याच्या कॉलेजातल्या लायब्ररीच्या नोकरीवरून सुटून ती पुडी घेऊन येई. त्यात एक लघवीची गोळी होती. तिच्यामुळे बाबांना दिवसातून बरेचदा उठावे लागे, आणि धनंजय पाहुण्यांना सांगे की बाबांचे शरीर आतून शुद्ध होऊन राह्यले.

"हे खोटं नाई का होत बाबा?" तिने एकदा विचारले होते.

"होते थोडं," बाबा म्हणाले होते. "पण मी कोणाले म्हटलं का, गोळ्या सोडल्या म्हणून? त्यानं फेकल्या, तू आणल्या. त्याले आनंद आहे, मले पंपिंग आहे. हात ठेवायले देवानं पास्टर पाठवला, गोळी लिहायले डॉक्टर पाठवला. आता दोघांतलं कोणाचं काम, हे भांडण त्याच्या घरचं आहे. मी काऊन मधात पडू?"

बाबांचे सगळेच असे होते. थोरले भाऊ नत्थूजी जुन्या मिशन चर्चचे वडील, म्हणजे तिथल्या पंचांपैकी एक. ते आले की ‘सलाम’ म्हणत. फेलोशिपची माणसे ‘प्रेज द लॉर्ड’ म्हणत. शेजारचे ‘रामराम’ म्हणत. जो जे म्हणेल तेच बाबा त्याला परत करत, आणि तिन्ही बाजूंना वाटे की प्रेमदासजी आतून आपलेच आहेत.

फक्त एका बाबतीत त्यांनी कुणाची बाजू ऐकली नव्हती. रोज दिवेलागणीला ते खाटेवर बसून मोठ्याने प्रार्थना करत. आधी नातवंडे, मग गाव, मग मेलेली बायको, आणि शेवटी वर्षाली. माह्या पोरीचा विश्वास तिले परत दे, एवढेच मागत. त्या दिवशीही त्यांनी मागितले. स्वयंपाकघरात लसणाचे ताट धरून वर्षाली ऐकत उभी होती.

तिचा विश्वास गेला, हे घराने सहा वर्षांपूर्वी ठरवले होते. आई गेली तेव्हा याच अंगणात नातेवाईक डब्यांबरोबर कारणेही घेऊन आले. नत्थूजींच्या मते देवाला कुटुंब जागे करायचे होते. तळेगावच्या आनंदाआत्याच्या मते स्वर्गातल्या गायनमंडळात वरच्या पट्टीचा आवाज कमी पडला होता. आणि वर्षालीचे लग्न का झाले नाही, याचाही उलगडा त्याच बैठकीत झाला. बापाला सांभाळायला कुणीतरी मोकळे हवे, म्हणून देवाने तिला आधीच बाजूला काढून ठेवले होते. वर्षालीने देवाशी भांडणाऱ्यांची आणि देव नाहीच म्हणणाऱ्यांचीही पुष्कळ पुस्तके वाचली होती. पण देवाच्या कारभाराची इतकी आतली माहिती तिला कुणाकडेच आढळली नव्हती. त्या दिवसापासून तिने साक्ष देणे बंद केले. ती चर्चला जाई, गाई, शेवटच्या बाकावर बसे. साक्षीच्या वेळी मात्र मान खाली. पुस्तकांनी पोरगी वाया गेली, असे सगळे म्हणत. तिने कुणाचे म्हणणे खोडले नाही. बाबांचेसुद्धा नाही.

रात्री बाबांनी वरणभात खाल्ला, पान्यांची पेटी उघडून गोळी घेतली आणि उद्या दाढी करायची आठवण दे म्हणून सांगितले.

शनिवारी सकाळी तिने चहा नेला तेव्हा ते कुशीवर होते, हात गालाखाली. तिने कप खाली ठेवला आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. मग ती तशीच खाटेच्या कडेला बसून राहिली. बाहेरून घनश्याम विचारत होता की साउंडचे डबे कोणत्या बाजूला लावायचे. बाबांना विचारून सांगते, असे तिच्या तोंडून निघून गेले.

दुपारपर्यंत अंगण भरले. बर्फाची पेटी आली. नत्थूजी मिशन चर्चचा प्रेत न्यायचा काळा गाडा सांगूनच आले. फेलोशिपची मंडळी आली. आनंदाआत्या तळेगावहून आल्या त्या रस्त्यापासूनच रडत, आणि पहिला उमाळा ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसत स्वीटीला विचारले की ते बोकड परत घेतात का विकणारे.

मंडप होता तो गुलाबी आणि पिवळा. पांढरा कपडा आहे का म्हणून विचारले तर घनश्याम म्हणाला, पांढरा सेलूले गेला आहे, लग्नसराईत पांढरा कोण ठेवते भाऊ. शेवटी घरातल्या चादरी दर्शनी भागाला बांधल्या. बाकी सारे तसेच राहिले. खुर्च्या त्याच, आचारी तोच, वेळ रविवारी सकाळची तीच. फक्त मटणाचा बेत रद्द होऊन वरणपोळी ठरली. देवाचा हेतू त्या दिवशी निर्विवादपणे कुणाच्या भल्याचा ठरला असेल तर त्या दोन बोकडांच्या.

फ्लेक्सचा प्रश्न अवघड होता. तो चौकात होता आणि साऱ्या गावाने वाचला होता. काढावा तर आश्चर्यकर्म मागे घेतल्यासारखे दिसते, ठेवावा तर आणखीच विचित्र दिसते. धनंजयने पास्टरांना फोन लावला. पास्टर कुंदन क्षणभरही अडखळले नाहीत. इथं अर्धं आरोग्य मिळालं होतं ब्रदर, तिकडं पूर्ण मिळालं, असे ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत बाबांच्या नावाआधी ‘स्वर्गवासी’ची पट्टी चिकटली. आता फ्लेक्स सांगत होता की देवाने स्वर्गवासी प्रेमदासजींना नवे हृदय दिले, सर्वांनी यावे. बाबांचा गॉगल तसाच होता.

मग मंडपात खुर्च्या गोलाकार ओढून घराण्याची बैठक बसली. बाबा आत बर्फाच्या पेटीत होते आणि बाहेर त्यांच्या जाण्याचे कारण ठरत होते. धनंजयचे म्हणणे पडले की ही परीक्षा आहे. घरात कुठेतरी अविश्वास शिरला की सैतानाला दार मिळते. असे म्हणताना त्याने वर्षालीकडे बघितले नाही, पण बाकी सगळ्यांनी बघितले. नत्थूजींनी घसा साफ केला. ज्या चर्चने आजोबाला अक्षर शिकवले ते सोडून माणूस फेलोशिपच्या कीबोर्डच्या मागे गेला की देवाला बोलावेच लागते, असे ते छताकडे पाहून म्हणाले. दोन वर्षांपासून, म्हणजे धनंजयने फेलोशिप धरली तेव्हापासून, काका-पुतणे एकमेकांशी थेट बोलत नसत. जे बोलायचे ते छताला नाहीतर तिसऱ्या माणसाला सांगत.

आनंदाआत्याचे कारण निराळे होते. "मले तं वाटते," त्या म्हणाल्या, "तुमच्या दोघांचं बोलणं व्हावं म्हणून देवानं माह्या भावाले नेलं."

"इतक्या छोट्या कामाले इतका मोठा माणूस कायले न्यावा लागते आत्या?" वर्षाली म्हणाली.

स्वीटीने चहा फिरवला.

चहाबरोबर वर्षालीचा विषयही निघाला, कारण तिच्याबद्दलची देवाची जुनी योजना सकाळी संपली होती आणि जागा रिकामी राहणे बरे दिसत नव्हते. आत्याचे गुडघे गेले होते. त्यांना तळेगावात सोबत हवी होती, आणि देवाने वर्षालीला मोकळे ठेवले ते यासाठीच असावे असे त्यांना आज लख्ख दिसत होते. स्वीटीला मात्र वेगळे दिसत होते. तिची मोठी गुंजन पुढच्या वर्षी वर्ध्याच्या शाळेत जाणार होती, आणि ताईची खोली शाळेपासून अगदीच जवळ होती. दोघी जणी अत्यंत प्रेमाने बोलत होत्या. एका प्रौढ बाईसाठी देवाने एकाच वेळी इतके बेत आखावेत, याचे वर्षालीला नवल वाटले. तिने दोघींना रविवारनंतर बघू म्हणून सांगितले.

खरी गोष्ट रविवारची होती. या घराण्यात माती देण्याआधी थोरले अपत्य साक्ष देते. आजोबांच्या वेळी नत्थूजींनी दिली होती. आईच्या वेळी वर्षालीने नाही म्हटले आणि धनंजयने दिली, ते अजून निघत असे. यंदा नाही म्हणायची सोय नव्हती. गावाला सांगायचे होते की बरा झालेला माणूस कसा मेला, आणि शेवटपर्यंत जवळ होती ती वर्षालीच.

आधी धनंजय तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"ताई, तुले विश्वास नसला तरी चालन," तो म्हणाला. "फक्त जे झालं थे सांग. पास्टरच्या शब्दावर बाबानं गोळ्या सोडल्या, आन् पुन्हा कधी गोळीले हात नाई लावला. वर्षभर बिनागोळीचे जगले. एवढंच सांग. बाकी आम्ही बोलतो."

ती मागे बोकडांना पाला टाकायला गेली तर नत्थूजी काठी टेकत तिथे आले.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "तू शिकली-सवरलेली आहेस. दबू नको. जे झालं थे उद्या सगळ्यांदेखत सांगजो. त्या कुंदनच्या शब्दावर माह्या भावानं गोळ्या सोडल्या. बस, एवढंच. पुढचं गाव समजते. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबाले मी सांगून ठेवलं आहे, थे त्याच धाग्यावर बोलतीन."

वर्षाली पाल्याची फांदी धरून उभी राहिली. एका माणसाला तेच वाक्य विश्वासाचा विजय म्हणून हवे होते, दुसऱ्याला खुनाचा पुरावा म्हणून. वाक्य एकच होते आणि ते खोटे होते. उद्या ते तिच्या तोंडून निघाले की बाबा कायमचे चौकातला तो गॉगलवाला माणूस होणार होते. त्यांचे स्वतःचे, लसूण सोलणारे, दोन्हीकडे मान हलवणारे असे काहीच उरणार नव्हते. आणि ती गप्प बसली, जशी सहा वर्षे बसली होती, तरी तेच होणार होते. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला माणसे तयारच होती.

संध्याकाळी शेजारची भागाबाई डब्यात झुणका-भाकर घेऊन आली. तिने बर्फाच्या पेटीवर हात फिरवला, वर्षालीला जेवून घे म्हणून सांगितले आणि निघून गेली. दिवसभरात कारण न सांगता गेलेली ती पहिलीच बाई.

त्यानंतर थोड्या वेळाने वर्षाली मागच्या अंगणात गेली तर धनंजय धुण्याच्या दगडावर बसला होता. इतका मोठा माणूस गुडघ्यांत डोके घालून बसला होता. ती जवळ गेली तेव्हा त्याने वर पाहिले नाही.

"ताई," तो म्हणाला, "मी थो डबा फेकला म्हणून तं नाई ना गेले बाबा?"

दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी खरा प्रश्न विचारला होता. वर्षालीला तो दहा वर्षांचा दिसला, शेवग्याच्या फांदीवरून पडून हात मोडून घेतलेला, आणि आईला सांगू नको म्हणणारा. तिने त्याला उठवले, आत नेले आणि हत्यारांची पेटी उघडून ग्रीसचा डबा त्याच्या हातात दिला.

"काल रात्रीची घेऊन झोपले," ती म्हणाली. "तू फेकल्या त्याच आठवड्यात मी नव्या आणल्या होत्या. तव्हापासून एक दिवस चुकला नाई त्यांचा."

धनंजयने डबा उघडला, पाहिला, बंद केला आणि छातीशी धरला. तो रडला तो असा, की स्वीटी धावत आली. तो बऱ्याच वेळाने थांबला. मग त्याने नाक पुसले, आणि वर्षालीला त्याच्या चेहऱ्यावर ब्रदर धनंजय हळूहळू परत येताना दिसला.

"मंग उद्या हे सांगायचं नाई," तो म्हणाला.

"काऊन?"

"काऊन म्हणजे? वर्षभर मी साक्ष देऊन राह्यलो. नागपूरले देली, हिंगणघाटले देली. व्हिडीओ आहे."

आवाज ऐकून नत्थूजी आत आले. डबा पाहून आणि प्रकरण समजून ते खुर्चीवर बसले. उद्याच्या लढाईसाठी त्यांनी घासून ठेवलेले हत्यार म्यानात असतानाच बोथट झाले होते. गोळ्या घेत होता तर मग कुंदनने मारले कसे म्हणायचे? आणि कुंदनने नाही मारले, तर मग फेलोशिपमध्ये गेल्याचा परिणाम काय झाला? त्यांनी बराच विचार केला. मग, दोन वर्षांत पहिल्यांदा, ते छताशी न बोलता पुतण्याशी बोलले.

"धनंजय, हे बाहेर जाता कामा नाई," ते म्हणाले. "लोक हसतीन. तुमच्याले हसतीन आन् आमच्यालेही हसतीन. ख्रिस्ती लोकाइले हसतीन."

"तेच म्हणून राह्यलो मोठेबाबा."

"गोळ्यांचं नावच नको."

"नावच नको. शांतपणे प्रभूत झोपले, एवढंच."

"आन् ते नेहमीचं वचन."

"ते मी सांगतो मोठेबाबा, तुम्ही प्रार्थना घ्या."

दोघे एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसले आणि उद्याचा क्रम ठरवू लागले. कीबोर्ड वाजेल, ड्रम नाही. पाळकसाहेब घरी बोलतील, पास्टर मातीवर. दारातून आनंदाआत्या हे पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "मी सांगतलं नव्हतं का?" त्या स्वीटीला म्हणाल्या. "देवाची योजना पाह्य."

देवाने एक भाऊ नेऊन जे साधले नव्हते, ते गोळ्यांच्या एका डब्याने साधले होते. वर्षालीने डबा उचलून हत्यारांच्या पेटीत ठेवला. तिला कुणी थांबवले नाही. तिची साक्षही दोघांनी मिळून तिथेच ठरवली: दोन वाक्ये, वडील मायाळू होते, सर्वांचे आभार.

रविवारी मंडप गच्च भरला. फेलोशिपची बस नागपूरहून आलीच, कारण ती आधीच ठरली होती. जिनिंगमधले जुने लोक आले, शेजारचे आले, आणि फ्लेक्स वाचून नवे हृदय पाहायला आलेले दोघेतिघे गोंधळून मागे उभे राहिले. गुलाबी कपड्यातून ऊन येत होते आणि पेटीतल्या बाबांच्या चेहऱ्याला बऱ्यापैकी रंग आला होता. वर्षालीने सकाळी स्वतःच्या हाताने त्यांची दाढी केली होती.

पाळकसाहेब बोलले. ते कुठल्यातरी धाग्यावर बोलणार होते, पण रात्री धागा काढून घेतल्यामुळे मध्येच दोनदा अडखळले. धनंजयने वचन सांगितले, सर्व गोष्टी मिळून चांगल्यासाठीच होतात अशा अर्थाचे, आणि त्याचा आवाज फुटला. तो खरोखर फुटला होता. नत्थूजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. फेलोशिप आणि मिशन चर्च दोन्हीकडून हुंदके आले. सगळे इतके छान चालले होते की आता फक्त दोन वाक्यांचा अडसर होता.

"मोठी मुलगी दोन शब्द बोलेल," नत्थूजींनी जाहीर केले. वर्षाली उठली तेव्हा आत्याने तिच्या पदराला हलकेच हात लावला. "दोनच," त्या कुजबुजल्या.

तिने माईक घेतला. समोरच्या चेहऱ्यांवर तिला काळजी दिसली, आणि ती काळजी तिच्यासाठी नव्हती.

"माझे बाबा शुक्रवारी रात्री गोळी घेऊन झोपले," ती म्हणाली. "वर्षभर रोज घेत होते. मी आणून देत होते. म्हणून गोळ्या सोडल्यामुळे ते गेले असं कोणी माझ्या भावाला म्हणू नका. आणि गोळ्या सोडून विश्वासानं जगले असंही कोणी सांगू नका. त्यांनी औषध घेतलं. त्यांनी प्रार्थना केली. आणि ते गेले."

पास्टर कुंदन सवयीने ‘आमेन’ म्हणाले आणि मग इकडेतिकडे पाहू लागले. धनंजयने डोळे मिटून घेतले. नत्थूजींची काठी जमिनीवर एकदा आपटली, पण ती पुन्हा उचलली गेली नाही.

"देवानं हे काऊन केलं, मला माहीत नाही," वर्षाली म्हणाली. "आई गेली तेव्हाही मला माहीत नव्हतं. तुम्हा सगळ्यांना माहीत होतं."

मागे कुणीतरी हसले आणि लगेच खोकले.

"तुम्ही वाईट नव्हतं सांगत. तुम्हाला भीती वाटत होती, मलाही वाटत होती. पण मला वाटलं, कारण सांगता आलं तरच विश्वास असतो, असं या घरात आहे. आणि माझ्याजवळ कारण नव्हतं. म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणून तुम्ही समजले, माझा विश्वास गेला. बाबाही समजले."

तिने माईक खुर्चीवर ठेवला. पुढचे मागच्या रांगेला ऐकू गेले नाही, पण ते मागच्या रांगेसाठी नव्हतेच. ती पेटीपाशी गेली आणि वाकली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही रोज माह्यासाठी मागत होते आन् मी आतून ऐकत होती. एकदा बाहेर येऊन सांगाले पाह्यजे होतं, नाई सांगतलं. मी देवाले सोडलं नव्हतं बाबा. एकही दिवस नाई. तुम्हाले त्यानं काऊन नेलं, मले नाई समजत. विचारीन मी त्याले. पण माहा त्याच्यावर भरवसा आहे."